बंबाचा शेवटचा सिनेमा

सुपरहिरोंना आई नसते. असलीच तर पहिल्या दहा मिनिटांत मरते. हे मी इतक्या सिनेमांत बघितलंय की पडद्यावर कुणाची आई हसत हसत नाश्ता वाढताना दिसली की मी शेजारी बसलेल्या नातवाला कोपर मारून म्हणते, "गेली बघ ही." तो "आजी, शूऽऽ" म्हणायचा, आणि ती जायचीच. मला या लोकांचं हे कधी पटलेलं नाही. अंगात ताकद यायला आईच कशाला मरायला पाहिजे? व्यायाम करा की.

सांगलीला आमच्या भिशीतल्या बायका मला हसतात. म्हणतात, या वयात हरिपाठ करायचा सोडून हे कसले मारामारीचे सिनेमे बघता? मी म्हणते, हरिपाठ पण करते, तो सकाळी करते. पण त्यांना काय सांगायचं? त्यांचे नातू त्यांच्याच गावात असतात. रोज संध्याकाळी येतात, पाय ओढत नमस्कार करतात, वाटीतले दाणे खातात आणि जातात. माझा नातू अमेरिकेत, ॲशबर्नला. त्याच्यापर्यंत पोचायला मला विमान लागतं, आणि विमानातून उतरल्यावर सिनेमा.

सुरुवात झाली तेव्हा तो बालवाडीत होता. मुलगा आणि सून दोघं सकाळी कामावर जायचे. मुलगा तिथल्या डेटा सेंटरात आहे. आमच्या घराकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्या इमारती दिसतात, मैलच्या मैल, एकालाही धड खिडकी नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, नक्की इथे काहीतरी काळंबेरं चालत असणार. मुलगा म्हणाला, "आई, आत माणसं नाहीत गं फारशी, कॉम्प्युटर असतात." एवढ्या मोठ्या घरात कॉम्प्युटर राहतात आणि माणसांना एकाला एक चिकटलेली घरं. असो. तर ते दोघं कामावर गेले की घरात मी आणि नातू. त्याला मराठी कळायचं पण बोलायचा इंग्रजी, मला इंग्रजी थोडं कळायचं पण बोलायचे मराठी. दिवसभर आमचं बरं चालायचं, फक्त गोष्ट सांगायची वेळ आली की पंचाईत. मी कोल्हा सांगितला की तो म्हणे व्हॉट्स अ कोल्हा. शेवटी एकदा बाहेर बर्फ पडलेला असताना त्यानंच टीव्ही लावला आणि मला त्याची गोष्ट दाखवली.

त्यात एक अगडबंब माणूस होता. अंगावर तांब्याच्या रंगाचं चिलखत, मध्ये गोल, आणि चिडला की पाठीतून वाफ सोडायचा. मी म्हटलं, "अरे, हा तर आमचा बंब." आमच्या माहेरी न्हाणीघरात पाणी तापवायला होता तसाच, फक्त याला पाय फुटलेले. नातवाला तो शब्द इतका आवडला की त्याचं खरं नाव त्यानं टाकूनच दिलं. शाळेतसुद्धा तो त्याला बंबच म्हणायचा. त्याच्या बाईंनी सुनेला विचारलं होतं म्हणे, की हे बंब बंब काय आहे, आम्हाला वाटलं बॉम्ब म्हणतोय. तेव्हापासून बंब आमच्या दोघांचा. त्याचा प्रत्येक सिनेमा आम्ही थेटरात बघितला. मी दरवर्षी उन्हाळ्यात जायची ती त्या हिशोबानंच तिकीट काढायची. मुलाला वाटायचं मी इकडचे आंबे संपले की येते.

मला सगळंच आवडायचं असं नाही हं. मी नगरपालिकेत नोकरी केलेली बाई. हे लोक एक राक्षस मारायला अर्धं शहर पाडतात आणि उडून जातात. तो राडारोडा कोण उचलणार? पाण्याच्या लाइनी फुटल्या त्या कोण जोडणार? मी हे प्रत्येक वेळी म्हणायचे आणि नातू प्रत्येक वेळी हसायचा. एकदा तो गंभीरपणे म्हणाला, "बंब क्लीन करतो, आजी. दे जस्ट डोंट शो इट." मी म्हटलं, मग ठीक आहे, आपला बंब तसा संस्कारी आहे. त्याच्या टोळीतल्या त्या पंखवाल्याचं मात्र मला काही सांगू नका, तो नुसता केस उडवतो.

आणि आमचा एक नियम होता. सिनेमा संपला, पडद्यावर नावं यायला लागली की उठायचं नाही. हे लोक नावं संपल्यावर, अगदी शेवटी, एक छोटासा तुकडा दाखवतात. पुढच्या सिनेमात काय होणार त्याची चुणूक. मुलाला पार्किंगची घाई, तो लगेच चावी हातात घेऊन उभा राहायचा. मी म्हणायचे, बस खाली. आरती झाली म्हणून प्रसाद न घेता उठतं का कुणी? तेव्हापासून नातू त्या तुकड्याला प्रसादच म्हणायला लागला. कुणी उठलं की त्याची बाही ओढायचा, "बाबा, सिट. प्रसाद इज लेफ्ट." थेटर रिकामं व्हायचं, झाडणारी मुलं आत यायची, आणि आम्ही दोघं पाय वर घेऊन प्रसादाची वाट बघत बसलेलो.

आमचे हे गेले, त्यानंतर मुलगा मला घेऊनच परत गेला. मी तिकडे नुसती बसून असायची. त्या उन्हाळ्यात जो सिनेमा आला त्यात एक हिरो, जो आधीच्या सिनेमात मेला होता, रडून रडून आम्ही ज्याचं सुतक पाळलं होतं, तो धडधाकट परत आला. म्हणे दुसऱ्या विश्वातला तोच. थेटरात लोकांनी टाळ्या वाजवल्या. नातवानं वाजवल्या नाहीत. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझा हात धरला आणि म्हणाला, "आजी, दॅट्स चीटिंग." सात वर्षांचा असेल. घरात सगळ्यांनी माझी समजूत घातली होती, आत्मा अमर असतो, हे अजून आपल्यातच आहेत, वगैरे. मला कुणाचंच पटलं नव्हतं. या पोरानं मात्र बरोबर सांगितलं. मेलं म्हणजे मेलं. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

मग पोरं वाढतात तसा तो वाढला. आता तो शाळेतून आला की स्वतःच्या किल्लीनं दार उघडतो, स्वतःचं काहीतरी गरम करून घेतो आणि खोलीत जातो. कानात ते लावलेलं असतं. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं, झाडू मारायलासुद्धा एक चकती घरभर फिरते. मी भाजी चिरायला घेतली की सून म्हणते, "आई, राहू द्या ना, तुम्ही आराम करा." आराम करायला मी सातासमुद्रापलीकडे जाते का? खरं सांगायचं तर त्या घरात माझं म्हणून एकच काम शिल्लक होतं, नातवाबरोबर बंबाचा सिनेमा बघणं. ते गेलं की मी पाहुणी. हे मला कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण मला कळत होतं.

यंदा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि जाणं लांबलं. नेमका त्याच वेळी बंबाचा शेवटचा सिनेमा येणार होता. शेवटचा म्हणजे खरंच शेवटचा, असं ते लोक सांगत होते. व्हिडिओ कॉलवर मी नातवाला म्हटलं, "आता रे कसं?" तो म्हणाला, "आय विल वेट, आजी. प्रॉमिस." मी म्हटलं, नक्की? तो म्हणाला नक्की, आणि ते मराठीत म्हणाला. त्यावर मी निश्चिंत झाले.

मग मी पण पाळलं. सिनेमा सांगलीत हिंदीत लागला होता, घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. गेले नाही. भिशीला गेले तर जिच्या घरी भिशी होती तिचा नातू नुकताच बघून आलेला, कार्टं दारातच सुरू झालं, "आजी, तुमच्या त्या बंबाचं काय होतं माहितीय का..." मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्यानं रामरक्षा म्हणायला लागले. बायकांना वाटलं मला काहीतरी झालं. एकीनं पाणी आणलं. मी रामरक्षा तोडली नाही, तो पोरगा बाहेर जाईपर्यंत. डोळ्याला हिरवी पट्टी, कानात बोटं, तोंडात रामरक्षा. हसा, खुशाल हसा. मी शब्द दिला होता.

डॉक्टरांनी विमानाला परवानगी दिली आणि मी पोचले तेव्हा सिनेमा तिकडे उतरायला आला होता. एकाच थेटरात, एकाच लहान पडद्यावर, दुपारचा खेळ. मुलानं लगेच तिकिटं काढली. नातू वर्षभरात माझ्याहून उंच झाला होता. "हाय आजी," म्हणाला आणि एका हातानं जवळ घेतलं. आवाज फाटला होता. मी गाडीत त्याला विचारलं, "तुझ्या मित्रांनी काही सांगितलं नाही ना रे?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नो." मला वाटलं, केवढं सोसलं असेल बिचाऱ्यानं. शाळेत एवढी पोरं, सगळ्यांनी बघितलेला, आणि हा माझ्यासाठी कान झाकून बसला.

सिनेमा चांगला होता. मी सांगते, चांगला होता. बंब म्हातारा झालेला दाखवलाय, वाफ पूर्वीसारखी निघत नाही, गुडघे धरून जिना चढतो. माझा जीव त्याच्यावर जडलाच. शेवटाकडे अचानक नातवानं माझ्या हातात कागदी रुमाल ठेवला. मला वाटलं पॉपकॉर्नचं लोणी लागलंय म्हणून. मी बोटं पुसली. आणि त्यानंतर लगेच बंब गेला. सगळ्यांना बाहेर काढून एकटा आत राहिला आणि विझला. मी त्याच रुमालानं डोळे पुसले, एक ऑपरेशन झालेला आणि एक व्हायचा. रडता रडता सवयीनं नातवाकडे वळले, की बघू हा किती रडतोय. तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मी पडेन की काय असं बघतात ना, तसं.

तरी माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही. प्रेमानं बघतोय, असंच वाटलं. नावं सुरू झाली. थेटरात जी चार माणसं होती ती बसून राहिली. मी पाय वर घेतले. आणि नातू उठला. जॅकेट घातलं, माझी पिशवी उचलली आणि हात पुढे करून म्हणाला, "चल, आजी."

मी म्हटलं, "अरे, प्रसाद?"

"यात नाहीये," तो म्हणाला. आणि जीभ चावली.

पडद्यावर नावं वर वर सरकत होती. मुलगा पलीकडे उभा होता, त्यानं नातवाकडे असं बघितलं की माझ्या सगळं लक्षात आलं. नाहीये हे याला कुणी सांगितलं? ते शेवटपर्यंत बसलेल्यालाच कळतं. त्याचा हात धरला आणि उठले. पायऱ्या अंधारात होत्या, तो मला एकेक पायरी सांगत खाली घेऊन आला.

गाडीत तो खूप बोलला. एरवी चार शब्द बोलायचा नाही, त्या दिवशी घर येईपर्यंत अखंड. बंबाचा तो सीन काय भारी होता ना, आजी, आय वॉज सो सरप्राइज्ड. मी म्हटलं, हो रे, मी पण. त्याचा बाप आरशातून माझ्याकडे बघत होता. मी आरशाकडे बघितलंच नाही.

घरी आल्यावर सुनेनं चहा टाकला. ती मनानं चांगली आहे, तिला खोटं फार वेळ जमत नाही. मी नुसतं विचारलं, "कधी बघितला त्यानं?" तिनं गॅस बारीक केला. म्हणाली, "पहिल्याच दिवशी, आई. मित्राचा वाढदिवस होता, सगळी मुलं जाणार होती. तो नाही म्हणत होता, खरंच. मग गेला. घरी आला आणि एवढा रडला, की आय ब्रोक माय प्रॉमिस टू आजी. तर हे म्हणाले, आजीला कळू देऊ नकोस, ती एवढ्या लांबून फक्त तुझ्यासाठी येते. तिच्याबरोबर पुन्हा बघ, झालं."

मला काय वाटलं ते मी स्पष्ट सांगते. त्यानं सिनेमा बघितला याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही. मित्राचा वाढदिवस, पहिला दिवस, तो थांबला असता तरच नवल. मीच म्हटलं असतं, जा बाबा. मला आग लागली ती त्या दुसऱ्या वेळेची. तीन तास तो माझ्याशेजारी बसून माझा पाहुणचार करत होता. रुमाल वेळेवर दिला. पायऱ्या सांगितल्या. सरप्राइज झाल्याचं नाटक केलं, तेही मला बरं वाटावं म्हणून. असं आपण कुणाशी वागतो? पाय दुखणाऱ्या लांबच्या आत्याशी, जी दिवाळीत येते आणि जिच्या समोर सगळ्यांनी शहाण्यासारखं बसायचं असतं.

मुलगा मागच्या अंगणात पाइपनं पाणी घालत होता. मी त्याच्याजवळ गेले. तो म्हणाला, "आई, एवढं काय त्यात? पुन्हा बघितला ना त्यानं तुझ्यासाठी?"

"तेच तर," मी म्हटलं.

"तुला वाईट वाटू नये म्हणून मी..."

"तुझ्या बाबांचं दुखणं पण तू मला असंच हातचं राखून सांगत होतास. तेव्हाही वाईट वाटू नये म्हणूनच. मी काय काचेची आहे का रे?"

त्यानं पाणी बंद केलं. मीही मग जास्त ताणलं नाही. आमच्याकडे माणसावर जीव असला की त्याच्यापासून गोष्टी लपवतात, ही रीतच आहे, मीही त्याला तीच शिकवण देऊन वाढवलंय. पण त्यानं ती माझ्या नातवाला दिली, आणि तीही माझ्यावर वापरायला. बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर एक म्हातारी ठेवून दिली, की हिला सांभाळ.

नातवाला मी कळू दिलं नाही. पुढचे दिवस आम्ही दोघंही नाटक करत राहिलो. जेवताना तो आठवणीनं बंबाचा विषय काढायचा, मी आठवणीनं उत्तर द्यायची. मी मुद्दाम म्हटलं, "आता तो राडारोडा कोण उचलणार?" तर तो हसला. हसायचं म्हणून हसला. मग ताट उचलून, "थँक्स आजी, इट वॉज गुड," म्हणून वर गेला. पोळीबद्दल थँक्स. मला पाठीत बुक्की घातली असती तर चाललं असतं.

जायचे दिवस जवळ आले. बॅगेत मी मुलाच्या जुन्या शर्टांची आणि सुनेनं दिलेल्या बदामांची भर घालत होते. तेव्हा नातू आपण होऊन माझ्या खोलीत आला. हातात फोन. दाराला टेकून उभा राहिला. म्हणाला, नवा सिनेमा येतोय. बंब नाही, पण बंबाच्या पोरीचा. मला दाखवलं. पोरगी छान होती, कपाळावर आठी, पाठीतून बारीक वाफ. मी म्हटलं, "बापासारखीच आहे की." तो म्हणाला, "हिवाळ्यात येणार. तू इथे नसशील." मग खाली बघत, पाठ केल्यासारखं म्हणाला, "आय कॅन वेट, आजी. टिल यू कम. या वेळी रियली थांबेन."

तेवढ्यात त्याच्या हातातला फोन थरथरला. पुन्हा थरथरला. पोरांचा ग्रुप असणार, तिकिटांचं चाललं असणार, मला दिसत होतं. त्यानं स्क्रीन मांडीकडे वळवली आणि माझ्याकडे बघत राहिला. इतका शहाणा चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता. तो खरंच थांबला असता. मन मारून थांबला असता, मित्रांत तोंड पाडून बसला असता आणि मी आले की रुमाल घेऊन बसला असता. त्याच्या डोळ्यांत मला ते सगळं दिसलं.

मी शर्टाची घडी घातली. म्हटलं, "छे रे, मी कुठली थांबतेय? सांगलीत पहिल्याच दिवशी लागतो. माझ्या भिशीच्या बायका पण येणार आहेत. मलाच दम निघायचा नाही."

"रियली?"

"मग काय. आणि हे बघ, मी आधी बघितला तर तुला सांगणार नाही हं काही."

"तू मॅड नाही होणार? मी फ्रेंड्सबरोबर गेलो तर?"

"वेडा आहेस का," मी म्हटलं. "जा की."

भिशीतल्या एकीलाही मी अजून विचारलेलं नव्हतं, आणि त्यातली एकही यायची नाही हे मला माहीत होतं.

त्याचे खांदे एकदम सैल पडले. लहान असताना ताप उतरला की असा दिसायचा. तो दोन पावलांत आला आणि त्यानं मला मिठी मारली, दोन्ही हातांनी, घट्ट. त्या अख्ख्या मुक्कामात त्यानं मला असं धरलं नव्हतं. मी त्याच्या छातीत तोंड खुपसलं. आणि मग मला माझ्या पाठीवर काहीतरी हलल्यासारखं वाटलं, टक टक टक. त्याचा अंगठा होता. माझ्या पाठीमागे फोन धरून तो मित्रांना कळवत होता. मी हलले नाही. त्याचं लिहून होईपर्यंत तशीच उभी राहिले.